‘खायचे नाही’ असे लिहिलेला कुकर

मी एक जुना कुकर आहे. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, एका अंगाला पोचा आलेला. माझ्या झाकणावर लाल नेलपॉलिशने ‘खायचे नाही’ असे लिहिलेले आहे. हसू नका, मित्रांनो. कुकरावर असे लिहिणे म्हणजे शाळेच्या फाटकावर ‘शिकायचे नाही’ असे लिहिण्यासारखे आहे, हे मलाही कळते. पण ते दोन शब्द माझे पदक आहेत. ते मला कसे मिळाले ते ऐका, कारण अशी गंमत फारच थोड्या भांड्यांच्या वाट्याला येते!

झाशीच्या बडा बाजारात भांड्यांच्या एका दुकानात मी पहिल्यांदा डोळे उघडले. तिथून मला सुहासिनीबाई आणि नीलकंठराव घरी घेऊन आले. नीलकंठराव रेल्वेच्या पार्सल कचेरीत कारकून होते. त्यांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि त्यांची मुलगी इंदू हिच्या तोंडात दोन्हींची खिचडी. सुहासिनीबाई एका सरकारी प्रयोगशाळेत पिकांच्या किडींचा अभ्यास करीत. त्यांच्या पर्समध्ये कुंकवाची डबी नसली तरी चालत असे, पण भिंग नाही असे कधी झाले नाही.

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मी वर्षानुवर्षे वरण-भात शिजवला, पुरणाची डाळ शिजवली, इंदूच्या परीक्षेच्या दिवसांत बटाटे उकडले. मग माझा दांडा सैल झाला. त्याच कारखान्याचा, माझ्याच मापाचा नवा कुकर घरात आला आणि मी माळ्यावर गेलो. माळ्यावर काय असते? धूळ, जुनी सुटकेस आणि वाट पाहणे. खालून नव्याची शिट्टी ऐकू आली की मी त्याच्या शिट्ट्या मोजत बसे.

एका सकाळी मोठ स्टेशनाजवळच्या एका गावाहून रामकली आली. भाजीपाला पिकवणाऱ्या कुशवाहांची ती सून. नवरा दूरदूर ट्रकवर असे. विहिरीकडची जमिनीची एक पट्टी तिच्या जेठाने, म्हणजे मोठ्या दिराने, त्या वर्षी पहिल्यांदाच तिला एकटीला कसायला दिली होती. तिथे तिने वांगी लावली होती. त्यांना ती ‘भटा’ म्हणे. सुहासिनीबाई तिच्या गावी किडींची पाहणी करायला गेल्या, तेव्हापासून त्या तिच्या ‘जिज्जी’, म्हणजे थोरली बहीण, झाल्या होत्या.

तिने पिशवीतून वांग्याची एक फांदी काढली. पाने पिवळी, धुरकट, आणि मागच्या बाजूला बारीक जाळे.

“जिज्जी, पंप पे पंप मारे दवाई के,” ती म्हणाली. “हमाए भटा तौ और सूखत जात.”

सुहासिनीबाईंनी पान उलटे केले, भिंग धरले आणि ते तिच्या हातात दिले. “बघ. ही लाल मकडी.”

आपण मराठीत त्याला लाल कोळी म्हणतो. राईच्या दाण्यापेक्षाही कितीतरी बारीक, आठ पायांचा. पानाच्या मागे बसतो आणि रस पितो. विषारी फवारा मारला की आधी मरतात त्याला खाणारे जीव. तो स्वतः जाळ्याखाली बराचसा वाचतो आणि वाचलेल्यांची पिल्ले विषाला दाद देत नाहीत. म्हणून जितका फवारा जास्त, तितके कोळी जास्त!

“जेठ जू कहत, अकती लौं देखबी,” रामकलीचा आवाज उतरला. “नईं तौ हल चला दैहैं. फिर जा पट्टी हमें कभऊँ नईं मिलने.”

अक्षय तृतीयेला तिकडे अकती म्हणतात. शेतीच्या नव्या वर्षाचे बेत त्या दिवशी ठरतात. तोवर वांगी सावरली नाहीत, तर तिच्या वांग्यांवर नांगर फिरणार आणि पट्टी हातची जाणार.

“अकतीपर्यंत विषाचा एकही फवारा मारायचा नाही. कबूल?” सुहासिनीबाईंनी विचारले.

“हओ. पर फिर का करबी?”

सुहासिनीबाईंनी स्टूल ओढले, माळ्यावर हात घातला, आणि मित्रांनो, तो हात माझ्या दांड्यावर पडला!

त्या दिवसापासून माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. प्रयोगशाळेतले वाफेचे मोठे यंत्र दुसऱ्या कामात गुंतलेले असे, म्हणून सुहासिनीबाईंनी घरीच कारखाना काढला. तांदळाची कणी भिजवून निथळायची, रुंद तोंडाच्या बाटल्यांत भरायची, तोंडाला कापसाचे बोळे लावायचे आणि बाटल्या माझ्या पोटात जाळीवर उभ्या करायच्या. मग मी वाफ धरायची. अशी धरायची की बाटलीत एकही जंतू उरू नये. बाटल्या गार झाल्या की त्या स्पिरिटच्या दिव्याजवळ बसून प्रत्येक बाटलीत चिमूटभर बी टाकीत. कसले बी? बुरशीचे!

“आता आमच्या घरात बुरशीही शिजणार?” नीलकंठराव दारातून म्हणाले.

“शिजते ती कणी. बुरशी वाढते.”

“म्हणजे आम्ही इतकी वर्षं उरलेला भात उगाच फेकत आलो.”

“ती बुरशी वेगळी. ही कोळ्यांना खाते, माणसांना नाही. तरी नाकाला फडकं बांधल्याशिवाय इकडे येऊ नका.” आणि त्यांनी इंदूची नेलपॉलिशची बाटली उघडून माझ्या झाकणावर लिहिले: ‘खायचे नाही’. इंदू कॉलेजात जात होती. “आई, माझी नवी शेड!” म्हणून ती ओरडली, पण तोवर माझे बारसे झाले होते.

खाटेखालच्या गारव्यात बाटल्यांतली कणी पांढरीशुभ्र झाली, जणू तिला लोकर फुटली! ती पाण्यात कालवून, गाळून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर रामकलीने वांग्यांवर फवारली, पानांच्या मागून, खालून वर. बुरशीचे कण कोळ्याच्या अंगाला चिकटतात, तिथे रुजतात आणि त्याच्या शरीरात शिरतात. पुढच्या खेपेला तिने आणलेल्या पानांवर मेलेल्या कोळ्यांच्या अंगावर पांढरी लव उगवली होती. सुहासिनीबाईंनी भिंगातून पाहिले आणि स्वयंपाकघरात त्या चक्क टाळी वाजवून हसल्या. अभ्यासू बाई, एरवी हसणेही मोजके. त्या दिवशी मी शिट्टी न होताच शिट्टी झाल्यासारखा गरम झालो!

पण फाल्गुन संपत आला आणि झाशीचे ऊन वाढले. बुरशीला ओल आणि गारवा लागतो. ती दमली. कोळी कमी झाले होते, संपले नव्हते, आणि कोरड्या उन्हात ते भराभर वाढतात.

“अर्धी लढाई झाली,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “उरलेली लढायला कुणीतरी उन्हातला हवा.”

हा ‘कुणीतरी’ कुठे सापडला ते सांगताना अजूनही माझे झाकण थरथरते. माझा दांडा बडा बाजारात दुरुस्त करून घेऊन सुहासिनीबाई आणि इंदू परत निघाल्या होत्या. वाटेत लक्ष्मी तालच्या काठी महालक्ष्मीच्या देवळात त्यांनी हात जोडले. बाहेर तळ्याकडेला एरंडाची झुडपे माजली होती. तिथे कोण फवारणार? सुहासिनीबाईंनी सवयीने एक पान उलटे केले. भिंग लावले. आणि त्या आणखी खाली वाकल्या.

“काय आहे, आई?”

“बघ तू.”

इंदू वाकली. “ये क्या है? लाल मकडीच आहे ना? पण हा तर भाग रहा है!”

“पळत नाहीये. शिकार करतोय.”

पानाच्या शिरेलगत एक तांबूस, चकचकीत, पेरूच्या बीएवढाही नसलेला जीव तुरुतुरु धावत होता. पुढचे पाय हवेत नाचवीत त्याने एक लाल कोळी गाठला, धरला, आणि पिऊन टाकला! कोळ्याला खाणारा कोळी. शिकारी कोळी. फवाऱ्याचे विष जिथे पोचले नव्हते, तिथे तो आपला सुखाने जगत होता. आता ती पाने न्यायची कशात? पिशवीत चुरगळली असती. सुहासिनीबाईंनी माझे झाकण उघडले. मित्रांनो, माझ्या पोटात शिकारी बसले! देवळासमोरच्या फुलवाल्याने विचारले, “बहनजी, एरंड के पत्ते की सब्ज़ी बनेगी का?”

घरी अंगणात घेवड्याच्या कुंड्या मांडल्या गेल्या. शिकारी वाढवायचे तर आधी त्यांचा खाऊ वाढवायला हवा. म्हणून सुहासिनीबाईंनी मुद्दाम घेवड्यावर लाल कोळी सोडले, ते फोफावल्यावर त्यांच्यावर शिकारी सोडले. घेवडा बिचारा दिवसेंदिवस पिवळा पडे, आणि सुहासिनीबाई दिवसेंदिवस खूश होत. नीलकंठरावांना त्यांनी सांगितले होते, “कुंड्यांना हात लावू नका.” का लावू नका, ते सांगायचे कामाच्या गडबडीत राहून गेले.

एवढ्यात चैत्रगौर आली. आपल्या घरांतून चैत्रात गौर झोपाळ्यावर बसते. मग कुठल्यातरी शुक्रवारी हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे. झाशीत मराठी घरे थोडी, म्हणून बायका लांबलांबून येतात, आणि आरास कुणाची कशी झाली याची चर्चा पुढच्या चैत्रापर्यंत पुरते. गौरीभोवती हिरव्या कुंड्या मांडायच्या हे तर ठरलेलेच.

त्या शुक्रवारी सुहासिनीबाई प्रयोगशाळेतून दुपारी यायच्या होत्या. मोठला जाऊन सगळे शिकारी रामकलीला द्यायचे, असा त्यांचा दुसऱ्या दिवशीचा बेत होता. सकाळी नीलकंठराव अंगणात आले आणि घेवडा पाहून हळहळले.

“एवढी किडींची जाणकार बाई, आणि स्वतःच्या घरच्या झाडांकडे बघायला वेळ नाही,” ते स्वतःशीच म्हणाले. “आज चार बायका येणार. काय म्हणतील?”

बायकोला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून त्यांनी सगळी पिवळी, जाळ्यांनी भरलेली पाने खुडली. अंगण स्वच्छ दिसावे म्हणून ती कोपऱ्यात वाळत घातलेल्या माझ्या पोटात कोंबली. आम्हा दोन्ही कुकरांची झाकणे शेजारी वाळत होती. त्यांनी हाताला लागले ते माझ्यावर बसवले. ते नव्याचे होते. माझे ‘खायचे नाही’ गेले नव्याच्या डोक्यावर, आणि आम्ही दोघे गेलो स्वयंपाकघरात. मग त्यांनी उरलेल्या घेवड्यावर तंबाखूचे पाणी फवारले, पाने फडक्याने पुसली आणि हिरव्या चकचकीत कुंड्या गौरीभोवती मांडल्या.

मी आतून ओरडत होतो. पण कुकराला आगीशिवाय आवाज नसतो.

दुपारनंतर बायका जमल्या. सुहासिनीबाई घाईघाईने रेशमी पातळ नेसून बाहेर आल्या आणि आरास पाहून दारातच थांबल्या. स्वयंपाकघरातून मला फक्त आवाज येत होते. आधी पर्सची चेन. भिंग निघाले असणार. मग एकेक पान उलटल्याची सळसळ.

“अहो सुहासिनीताई, पानं काय न्याहाळताय? उखाणा घ्या!” कुणीतरी म्हणाले. “हाँ हाँ, उखाना!” तरुण मुलींनी गलका केला.

सुहासिनीबाईंचा आवाज आला, अगदी शांत:

“हिरवागार घेवडा, पानामागे नाही कोळी,
नीलकंठरावांनी केली माझ्या शिकाऱ्यांची होळी.”

हशा पिकला. अर्थ फक्त एकाच माणसाला कळला. नीलकंठराव पन्ह्याचे पेले घेऊन दारात उभे होते. पेल्यांचा खणखणाट मी ऐकला.

“शिकारी? त्या घेवड्यावर होते?”

“सगळे.” एवढेच त्या म्हणाल्या. पुन्हा एरंडावरून आणून वाढवायचे म्हणजे अकती उलटून गेली असती.

आणि इकडे, मित्रांनो, स्वयंपाकघरात माझ्यावर काय ओढवले होते! बायका अंदाजापेक्षा जास्त आल्या. पन्हे संपत आले. गोदूबाई, नीलकंठरावांच्या मावशी, पदर खोचून कैऱ्या उकडायला उठल्या. त्यांनी नवा कुकर उचलला, झाकण वाचले. “खायचे नाही! सुहासिनीचा बुरशीचा कुकर हा. शिव शिव.” त्यांनी तो खाली ठेवला आणि मला उचलले. शेगडी पेटवली. मला ओट्यावर टेकवून हातात पाण्याची कळशी घेतली आणि झाकण काढले.

“अगो बाई! हा पाला कुणी कोंबला गं यात? ह्या घरात भांड्याला भांडं म्हणून ठेवत नाहीत!”

त्यांनी मला उलटे धरले. खाली खरकट्याची बादली, काठोकाठ पाण्याने भरलेली. माझ्या भिंतीवरून शिकारी वर चढत होते, मला त्यांचे पाय जाणवत होते. एक पान घसरले. बादलीत पडले.

“मावशी, थांब!” नीलकंठराव असे धावत आले की वाटेतले पाटसुद्धा उलटे झाले. “ती पानं! सुहास, अगं पिवळी पानं मी टाकली नाहीत. कुकरात आहेत!”

“तूच का तो? मी मेली कैऱ्या घालणार होते त्यात!”

सुहासिनीबाईंनी मला दोन्ही हातांनी घेतले. हातावर हळदीकुंकू तसेच होते. भिंग लावून त्या किती वेळ पाहत राहिल्या! जिथे शिकार जास्त, तिथेच शिकारी जास्त. सगळ्यांत खराब पानांवर ते सगळ्यांत दाट होते, आणि नीलकंठरावांनी नेमकी तीच पाने खुडून वाचवली होती.

“आहेत,” त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. “अहो, आहेत! पोटं लाल झाली आहेत खाऊन खाऊन!”

मग काय विचारता! हळदीकुंकू स्वयंपाकघरात आले. रेशमी साड्यांची रांग लागली आणि भिंग हातोहात फिरू लागले. “हाय राम, ये तो दौड़ रहा है!” “मला दिसत नाही, सरक की जरा.” गोदूबाईंनी सर्वांत शेवटी डोळा लावला आणि सर्वांत जास्त वेळ लावला. “म्हणजे मांसाहारी आहेत हे,” त्या म्हणाल्या. “आपल्या घरातल्या कुकरात पहिल्यांदाच. पण गुणाचे दिसतात.”

“खुडलेली पानं उद्यापर्यंत टिकणार नाहीत. आजच जायला हवं,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

“मोठची पॅसेंजर आहे संध्याकाळची,” नीलकंठराव म्हणाले. “मी येतो. कुकर मी धरणार.”

माझ्याभोवती ओला पंचा गुंडाळला गेला. गाडीत मी नीलकंठरावांच्या मांडीवर होतो. समोरच्या प्रवाशाने विचारले, “बाबूजी, का पको है?”

“कुछ नहीं पका, भैया. सब ज़िंदा है.”

तो माणूस पुढच्या स्टेशनावर डबा बदलून गेला.

सूर्य टेकता टेकता आम्ही रामकलीच्या पट्टीवर पोचलो. तिचा जेठ हरदास विहिरीच्या कठड्यावर बसला होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, “काय बैनजी, दवाई की जगाँ खिचड़ी लै आईं?”

रामकलीने पदर नाकापर्यंत ओढला. तिकडची रीत अशी की धाकट्या भावाच्या बायकोने जेठाशी थेट बोलायचे नाही. बोलायचेच तर भिंतीशी, गाईशी, समोरच्या कुठल्याही वस्तूशी बोलायचे, आणि जेठाने ते ऐकायचे. तिने इकडेतिकडे पाहिले, आणि मित्रांनो, ती माझ्याकडे वळली!

“सुन रे कुकर,” ती म्हणाली, “अकती लौं की बात भई हती. अकती अबै दूर है.”

आजवर लोक माझ्यातून जेवले, माझ्यावर चिडले, मला घासले. माझ्याशी कुणी बोलले नव्हते!

हरदासने माझ्याकडे पाहिले आणि मिशीतून उत्तर दिले, “हओ कुकर, कै दो ऊसैं, अकती के दिना पंप हमाई पीठ पे हुइयै.”

तिघांनी मिळून प्रत्येक झाडावर एकेक पान ठेवले, जिथे हिरवी पाने दाट होती तिथे, सावलीला. रामकलीने सरींत पाणी सोडले. निघताना ती सुहासिनीबाईंना म्हणाली, “जिज्जी, कुकर इतै छोड़ जाओ. कुकर रैहै, तौ तुम लौट कै आहौ.” मी तिथेच राहिलो, ओलीस म्हणून. काय दिवस होते ते! विहिरीच्या कठड्यावर बसून मी वांग्यांकडे पाहत असे. रामकली रोज पाने उलटून पाही आणि मला सांगे. आधी काहीच नाही. मग एक दिवस ती धावत आली, “सुन रे कुकर, जालौ कम हो गओ!” मग शेंड्याला एक नवे पान फुटले, कोवळे, कुठेही डाग नसलेले.

पण शेत लांबून पाहिले तर जुनी पिवळी पानेच दिसत. अकतीची सकाळ उजाडली आणि हरदास पाठीवर पंप घेऊन आला, नांगर फिरवण्याआधी विषाचा एक शेवटचा फवारा मारायला. सुहासिनीबाईंची गाडी अजून यायची होती. घरोघरी फोन नव्हते तेव्हा. त्याने बांधावरून पाहिले, मान हलवली आणि पंपाचा दांडा मारायला सुरुवात केली. एक फवारा, आणि सगळे शिकारी संपले असते.

रामकलीने मला उचलले आणि सरीत त्याच्यासमोर उभी राहिली. माझे झाकण माझ्यावर आपटून तिने असा आवाज काढला की विहिरीतली कबुतरे उडाली!

“सुन रे कुकर! जौन पत्ता ऊपर सैं पीरो दिखात, ऊखों कोऊ पलट कै तौ देखै!”

“कुकर, ऊसैं कओ गैल छोड़ै,” वाट अडलेला हरदास गुरगुरला.

“कुकर, हम गैल नईं छोड़ने! पैलें पत्ता पलटै, फिर पंप चलै!”

“कुकर, जा लुगाई पगला गई.”

“कुकर, पगलाई हुइयै, पर आँधरी नइयाँ!”

मी मधोमध होतो, मित्रांनो. एका बाजूला विष, एका बाजूला वांगी, आणि दोघेही माझ्याशीच भांडत होते! हरदासने मला आणि मला धरणाऱ्या हातांना चुकवून जायला पाय उचलला. हात हलले नाहीत. तेव्हा वैतागून तो खाली वाकला आणि जवळचेच एक पान त्याने उलटे केले. मग दुसरे. मग शेंड्याचे. पंपाचा दांडा थांबला.

तेवढ्यात बांधावरून सुहासिनीबाई आल्या, चप्पल हातात, धापा टाकीत. त्यांनी भिंग पुढे केले. हरदासने ते डोळ्याला लावले. बराच वेळ तो तसाच वाकून होता.

“जौ को आय, जो दौर रओ?”

“तुमचा नवा गडी,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “मजुरी घेत नाही. फक्त त्याला विष पाजू नका.”

हरदासने पाठीवरचा पंप उतरवला आणि कठड्यावर ठेवला, मी बसत असे त्या जागी. भिंग परत देताना तो रामकलीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, “कुकर, कै दो ऊसैं, पट्टी ऊकी. और हमाई भिंडी में सोऊ जे गड़ी चानें.” पट्टी तिची झाली, आणि वर त्याच्या भेंडीलाही हे गडी हवे होते!

त्यानंतर किती वर्षे मी कणी शिजवली! कितीतरी गावांची पाने माझ्या पोटातून गेली. मग सुहासिनीबाई निवृत्त झाल्या. पुढे नीलकंठराव गेले. रेल्वेचे क्वार्टर कधीच सुटले होते; नव्या घरात मी पुन्हा माळ्यावर गेलो, पण या वेळी त्याचे फारसे वाटले नाही. खाली त्या पेपर वाचताना खोकत, ते ऐकू येई. मागच्या थंडीत खोकला थांबला.

इंदू आता मोठी बाई आहे, दुसऱ्या शहरात शिकवते. ती आली, तिने घर आवरायला घेतले. भांडी दोन ढिगांत लावली. कबाडी दाराशी बसला होता. मी कोणत्या ढिगात जाणार हे मला माहीत होते. पोचा आलेला, रिंग वाळून चिरलेली. तिने मला उचलले, झाकण पुसले, आणि लाल अक्षरांवर तिचा अंगठा थांबला. फिकट झाली होती, पण वाचता येत होती. ती खाली बसली.

तेव्हा दारात रामकली आली. केस पांढरे, डोक्यावर वांग्यांची टोपली. बातमी तिला उशिरा कळली होती. दोघी समोरासमोर बसल्या. मग रामकलीने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिले.

“सुन रे कुकर,” ती म्हणाली. “जिज्जी चली गईं.”

इंदूही माझ्याकडेच वळली. तिने उत्तर दिले, मराठीत, अगदी आईसारखे मोजके. “कुकर, त्यांना सांग, शेवटपर्यंत आईच्या पर्समध्ये भिंग होतं.”

“कुकर, बिन्नू सैं कओ, ऐसेंई हतीं जिज्जी.” इंदूला ती लाडाने बिन्नू म्हणे.

“कुकर, त्यांना विचार, वांगी कशी आहेत.”

“कुकर, कै दो, हमाए भटा अच्छे हैं. पर परोसी के खेत में फिर लाल मकड़ी आ गई. ऊने जिज्जी की बुरशी माँगी हती.” तो मराठी शब्द तिने इतक्या वर्षांत आपला करून घेतला होता.

इंदू उठली. कबाडीला म्हणाली, “भैया, ये वाला नहीं जाएगा.” तिने बाजारातून माझ्यासाठी नवी रिंग आणली. आईच्या जुन्या प्रयोगशाळेतून बुरशीचे बी मागून आणले. कणी किती भिजवायची, किती निथळायची, हे तिला कुणी शिकवले नव्हते. ती इतकी वर्षे नुसती पाहत आली होती. बाटल्या माझ्या पोटात उभ्या राहिल्या. झाकण बसले. रामकली समोर पाटावर बसून होती.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे, म्हणून एक मागणे मागतो. जुनी भांडी टाकण्याआधी त्यांच्यावर कुणाचे अक्षर आहे का ते पाहा. आणि झाड पिवळे दिसले की लगेच फवारा उचलू नका. आधी पान उलटा. तिथे तुमचा शत्रू असेल, पण त्याच्या मागे धावणारा एखादा मित्रही असेल. तो फार लहान असतो. त्याला वेळ द्या.

आता मला बोलता येणार नाही. इंदूने नाकाला फडके बांधले आहे, माझ्याखाली गॅस पेटला आहे, पाण्याला आधण येते आहे. वाफ वर चढते आहे. चढते आहे! इतक्या वर्षांनी, ऐका, मला शिट्टी येते आहे!